यंत्र आपलें, किल्ली कोणाची?

सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ तारखेस जगांतील कोट्यवधि संगणकांच्या बाबतींत एक चमत्कारिक गोष्ट घडली. त्या दिवशीं त्यांपैकीं एकहि यंत्र त्या कारणानें मोडलें नाहीं, कोणाचा पडदा काळा झाला नाहीं, कोणाची कळ अडकली नाहीं. आदल्या दिवशीं तीं जशीं चालत होतीं तशींच दुसऱ्या दिवशींहि चाललीं. तथापि त्या दिवसापासून तीं ‘म्हातारीं’ ठरलीं. कारण, मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ सालीं बाजारांत आणलेली विंडोज १० ही जी कार्यप्रणाली त्यांवर चालत होती, तिची नित्याची डागडुजी कंपनीनें त्या दिवशीं थांबविली. नवी विंडोज ११ बसवावी म्हटलें, तर तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था आणि अलीकडच्या घडणीचा प्रोसेसर लागतो. जुन्या पुष्कळ यंत्रांत या दोहोंपैकीं एक तरी नसतें. ज्यांना सवड हवी होती त्यांच्यासाठीं कंपनीनें एका वर्षाची मुदतवाढ देऊं केली. पण मुदतवाढ ती मुदतवाढच.

ज्या घरांत मुलांचा अभ्यास, घराचा हिशोब आणि परगांवच्या नातलगांशीं बोलणें अशा एकाच यंत्रावर चालतें, त्या घरांत साहजिकच प्रश्न उभा राहिला. यंत्र धडधाकट आहे, पैसे पूर्ण फेडले आहेत, पावती कपाटांत आहे. मग तें ठेवावयाचें कीं टाकावयाचें हें ठरविणारा तिसरा कोण? पैसे मोजून घरांत आणलेली वस्तु कितपत आपली असते, असा हा प्रश्न आहे, आणि तो केवळ तज्ज्ञांचा नव्हे. म्हणून त्याचें थोडें मुळांतून विवेचन करणें अवश्य आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय तें पाहूं. संगणक काय किंवा खिशांतील मोबाईल काय, दोन्हीं मुळांत एकाच जातीचीं यंत्रें. गणित करणारा प्रोसेसर, स्मरणशक्ति, सांठवण, पडदा, कळा, बाहेरच्या जगाशीं बोलण्याचीं साधनें, असे सर्व अवयव मिळून एक मोठा वाडा झाला असें समजावें. वाड्याचा धनी दिवाणखान्यांत बसून ‘हें पत्र छाप’, ‘तें चित्र दाखव’ अशा आज्ञा करतो. परंतु कोठीची किल्ली कोणापाशीं, कोणत्या नोकरानें केव्हां कोणतें काम करावयाचें, दारावर आलेल्या पाहुण्यास आंत घ्यावयाचें कीं नाहीं, ही सर्व व्यवस्था पाहणारा एक कारभारी असतो. यंत्रांतील हा कारभारी म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली. पत्र लिहिण्याचें असो, पैसे पाठविण्याचें असो, कोणतेंहि ॲप परभारें कांहीं करूं शकत नाहीं. प्रत्येकास या कारभाऱ्याकडे यावें लागतें. ज्याच्या हातीं ससा तो पारधी, या न्यायानें ज्याच्या हातीं किल्ल्या तोच वाड्याचा खरा धनी. म्हणून विचारावयाचें तें एवढेंच कीं, हा कारभारी हुकूम कोणाचा मानतो?

तो दुसऱ्याचा हुकूम मानतो तेव्हां काय होतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जुलै २००९ मध्यें अमेरिकेंत ॲमेझॉन कंपनीच्या किंडल नांवाच्या वाचनयंत्रांतून, लोकांनीं पैसे देऊन घेतलेलीं जॉर्ज ऑर्वेल यांचीं दोन पुस्तकें एकाएकीं अदृश्य झालीं. ज्यानें तीं विक्रीस ठेविलीं होतीं त्यास तसा हक्कच नव्हता, म्हणून कंपनीनें तीं दुरूनच पुसलीं आणि पैसे परत केले. पुढें कंपनीच्या प्रमुखांनीं क्षमाहि मागितली. परंतु विकलेलें पुस्तक दुकानदारानें रात्रीं घरांत शिरून परत न्यावें आणि टेबलावर पैसे ठेवून जावें, हें कोणा गृहस्थास रुचेल? पुस्तकाच्या किंमतीचा येथें प्रश्नच नाहीं. दाराची किल्ली दुकानदारापाशीं आहे, हें त्या दिवशीं लोकांस कळलें.

आणखी एक भेद येथें ध्यानांत घेतला पाहिजे. प्रोग्रॅम लिहिणारा तो मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो; त्या लेखनास मूळ संहिता म्हणतात. मग ती संहिता एक आणि शून्य यांच्या यंत्रभाषेंत उतरविली जाते. यंत्रास तेवढें पुरतें. मनुष्यास मात्र त्यावरून मूळचा विचार उलगडणें अतिशय दुष्कर असतें. जुन्या काळीं एखाद्या वैद्याच्या घराण्यांत एखादें औषध पिढीजात चालत असे. पुडी घेणाऱ्यास गुण येई, पण तिचा पाठ वैद्यबुवा कोणास सांगत नसत. पुडी म्हणजे यंत्रभाषेंतील प्रोग्रॅम आणि पाठ म्हणजे मूळ संहिता. वैद्य सज्जन असेल तोंवर कांहीं बिघडत नाहीं. परंतु पुडींत नको तें द्रव्य आहे काय, हें दुसऱ्या वैद्यास तपासतां येत नाहीं, रोग्याच्या प्रकृतीप्रमाणें प्रमाण बदलतां येत नाहीं, आणि वैद्यबुवांनीं दवाखाना बंद केला कीं औषधहि त्यांच्याबरोबरच जातें.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, आरंभीं हे पाठ फारसे गुप्त नव्हते. संगणक कपाटाएवढे आणि अतिशय महाग होते त्या काळीं कंपन्यांचा नफा यंत्रांत असे, आणि संहिता बहुधा यंत्राबरोबरच मिळे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही कार्यप्रणाली रचावयास घेतली. तिची संहिता विद्यापीठांतून अभ्यासली गेली आणि तिच्यावर एक पिढी शिकली. पुढें यंत्रें स्वस्त होऊन घरांत येऊं लागलीं, तेव्हां संहिता हीच विकण्याची वस्तु झाली. १९७६ च्या फेब्रुवारींत तरुण बिल गेट्स यांनीं संगणकाच्या छांदिष्टांस उद्देशून एक उघडें पत्र लिहिलें, आणि प्रोग्रॅमच्या फुकट नकला काढणें ही चोरी आहे असें बजावलें. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. कारागिरास मोबदला मिळाला नाहीं, तर चांगली कारागिरी कोण करील? या प्रश्नास उत्तर दिल्यावांचून कोणासहि पुढें जातां येत नाहीं.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा एका छापयंत्रांतून निघाला. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीचें एक नवें लेझर छापयंत्र मिळालें. त्यांत कागद वारंवार अडके, आणि छपाई झाली असेल म्हणून उठून गेलेल्या मनुष्यास अडकलेलाच कागद दिसे. पूर्वीच्या छापयंत्राच्या संहितेंत तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनीं स्वतः भर घालून, कागद अडकतांच संबंधितांच्या पडद्यावर सूचना यावी अशी सोय केली होती. नव्या यंत्राची संहिता मात्र मिळेना. ज्या एका संशोधकाकडे ती होती त्यानें ती कोणास न देण्याचा करार केलेला होता. दुरुस्ती काय ती माहीत, हात तयार, आणि तरीहि दुरुस्ती करतां येऊं नये! अशा अनुभवांचें पर्यवसान पुढें एका संकल्पांत झालें. सप्टेंबर १९८३ मध्यें स्टॉलमन यांनीं युनिक्ससारखीच, परंतु सर्वस्वीं मुक्त अशी ‘ग्नू’ नांवाची कार्यप्रणाली घडविण्याचें जाहीर केलें.

त्यांच्या मतें प्रोग्रॅम वापरणारास चार अधिकार असले पाहिजेत: तो कोणत्याहि कामासाठीं चालविण्याचा, त्याची संहिता अभ्यासून ती आपल्या गरजेप्रमाणें बदलण्याचा, त्याची नक्कल दुसऱ्यास देण्याचा, आणि आपण बदललेली आवृत्तीहि दुसऱ्यास देण्याचा. येथें मुक्त म्हणजे फुकट असा अर्थ नव्हे. मुक्त प्रोग्रॅम विकण्यास मुळींच हरकत नाहीं. घेणाराचे हात बांधण्यास हरकत आहे. १९८९ सालीं जीपीएल नांवाचा परवाना सिद्ध झाला. त्याची मेख अशी कीं, जो कोणी ही संहिता घेऊन तींत भर घालील आणि ती पुढें वांटील, त्यानें भर घातलेली संहिताहि त्याच शर्तींवर दिली पाहिजे. गांवच्या विहिरीचें पाणी कोणींहि भरावें, हवी तर ती आणखी खोल करावी. पण तिला कुलूप घालूं नये, असा हा दंडक आहे.

ग्नूचे बहुतेक अवयव तयार झाले, परंतु गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो राहिला होता. तो १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें केवळ छंद म्हणून लिहावयास घेतला, आणि १९९२ त जीपीएल परवान्याखालीं आणला. या गाभ्यास व ग्नूच्या अवयवांस जोडून १९९३ त डेबियन आणि २००४ त उबुंटू अशा घरींदारीं वापरतां येण्याजोग्या कार्यप्रणाली निघाल्या. नोव्हेंबर २०१७ पासून तर जगांतील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांच्या यादींतील एकूणएक यंत्र लिनक्सवर चालूं लागलें. गेट्स यांच्या जुन्या प्रश्नाचें उत्तरहि हळुहळू मिळालें. लिनक्सची संहिता उघडी ठेवून तिच्या देखभालीचे पैसे घेणारी रेड हॅट ही कंपनी २०१९ सालीं आयबीएमनें ३४ अब्ज डॉलरांस विकत घेतली. पाठ सांगितला म्हणजे वैद्य उपाशी मरतोच असें नाहीं, एवढें यावरून सिद्ध होतें.

आतां प्रचलित कार्यप्रणालींची तुलना करूं. त्यासाठीं चार कसोट्या पुरेत. पहिली, संहिता पाहतां येते काय? दुसरी, धन्यास हवें तें ॲप हवें तेथून आणून बसवितां येतें काय? तिसरी, हा कारभारी काढून दुसरा नेमतां येतो काय? आणि चौथी, यंत्राचें आयुष्य केव्हां संपलें हें कोण ठरवितो? यांपैकीं पहिली कसोटी खुलेपणाची, उरलेल्या तीन धन्याच्या स्वातंत्र्याच्या. खुलेपणा आणि स्वातंत्र्य हीं एकच आहेत अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं, आणि तुलनेंतील खरें मर्म तेथेंच आहे.

विंडोजची संहिता बंद आहे. पहिल्या कसोटीस ती उतरत नाहीं. परंतु दुसऱ्या कसोटीस ती बऱ्याच अंशीं उतरते, कारण एखादा प्रोग्रॅम कोणत्याहि संकेतस्थळावरून अथवा पेनड्राइव्हवरून आणून बसविण्यास ती सहसा आडकाठी करीत नाहीं. फार तर सावधगिरीची सूचना देते. तिसऱ्या कसोटीसहि ती उतरते. बहुतेक संगणकांवरून विंडोज काढून तेथें लिनक्स बसवितां येते. चौथीस मात्र ती सपशेल हरते, हें प्रारंभीं पाहिलेंच. ॲपलच्या मॅक संगणकाची गोष्ट निराळी. २००१ सालीं निघालेल्या त्याच्या कार्यप्रणालीचा डार्विन नांवाचा तळ खुला आहे, पण त्यावरचे सर्व मजले बंद. शिवाय यंत्र आणि कारभारी एकाच घरचे. तथापि बाहेरचा प्रोग्रॅम मॅकवरहि बसवितां येतो. लिनक्स चारहि कसोट्यांस उतरते. तिची एक आवृत्ति बंद पडली तर दुसरी घेतां येते, आणि दहा-बारा वर्षांच्या यंत्रावरहि तिची हलकी आवृत्ति सुखानें चालते.

मोबाईलकडे वळतांच चित्र पालटतें. ॲपलचा आयफोन २००७ च्या जूनमध्यें आला, आणि जुलै २००८ त त्याचें ॲप-दुकान उघडलें. या फोनवर ॲप आणावयाचें तें याच एका दुकानांतून, दुकानांत काय ठेवावयाचें तें कंपनी ठरविणार, आणि विक्रींतून बहुधा १५ ते ३० टक्के वाटा कंपनी घेणार, अशी व्यवस्था झाली. संगणकाच्या बाबतींत कोणी सहन केली नसती अशी ही व्यवस्था फोनच्या बाबतींत लोकांनीं सहज स्वीकारली. आणि तिचा लाभहि झाला नाहीं असें नाहीं. दुकानांतील माल तपासलेला असल्यामुळें फसवणूक पुष्कळ टळते, आणि जुन्या फोनांसहि ॲपल अनेक वर्षें डागडुजी पुरवीत आलेली आहे. परंतु एकाच वेशीवर एकच पहारेकरी असला म्हणजे त्याच्यावर दडपण आणणेंहि सोपें होतें. ऑक्टोबर २०१९ मध्यें हाँगकाँग येथें निदर्शनें चाललीं असतां, पोलीस कोठें आहेत हें नकाशावर दाखविणारें एक ॲप चिनी वृत्तपत्रांच्या टीकेनंतर ॲपलनें दुकानांतून काढून टाकलें. त्यामुळें लोकांस धोका होतो, असें कंपनीचें म्हणणें होतें. तें म्हणणें बरोबर असो वा चूक, आयफोनच्या धन्यापाशीं दुसरें दुकान नव्हतें. मार्च २०२४ त युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळें ॲपलला तेथें दुसऱ्या दुकानांस वाट द्यावी लागली. परंतु ती सवलत कायद्याच्या जोरावर आणि त्या प्रदेशापुरती मिळाली.

गूगलची अँड्रॉइड ही याच्या उलट खुली म्हणून प्रसिद्ध आहे. तिचा गाभा लिनक्सचा, तिची मूळ संहिता कोणासहि पाहतां आणि घेतां येते, आणि २००८ सालीं पहिला अँड्रॉइड फोन निघाल्यापासून तिनें, विशेषतः भारतासारख्या देशांत, घराघरांत प्रवेश केला. मग तिचा धनी पूर्ण स्वतंत्र असावयास हवा. तसें कां नाहीं, हें समजण्यासाठीं एका निराळ्या यंत्राची आठवण उपयोगी पडेल. टिव्हो नांवाचें, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम टिपून ठेवणारें एक यंत्र १९९९ सालीं अमेरिकेंत निघालें. त्यांत लिनक्स होती आणि कंपनी नियमाप्रमाणें संहिताहि देत असे. परंतु बदललेली संहिता त्या यंत्रावर चालूंच नये म्हणून यंत्रांत कंपनीच्या शिक्क्याची तपासणी ठेविलेली होती. पाठ हातांत, पण खलबत्त्यास कुलूप! २००७ सालीं जीपीएलची तिसरी आवृत्ति काढून ही पळवाट बुजविण्याचा यत्न झाला. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीखालीं राहिला. आजच्या कित्येक अँड्रॉइड फोनांची स्थिति टिव्होसारखीच आहे. संहिता उघडी, पण फोन सुरू होतांना जी पहिली तपासणी होते तिचें कुलूप उत्पादकाच्या हातीं. त्यानें तें उघडूं दिलें तर दुसरा कारभारी नेमतां येतो, नाहीं तर नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, अँड्रॉइडची उघडी संहिता म्हणजे वाड्याच्या भिंती; त्यांतील ॲप-दुकान, नकाशे, टपाल आणि अनेक ॲपांस लागणाऱ्या अंतर्गत सेवा या गूगलच्या खासगी मालकीच्या आहेत. हा भेद किती मोठा आहे, तें २०१९ त दिसून आलें. त्या वर्षाच्या मे महिन्यांत अमेरिकेच्या सरकारनें चीनच्या हुआवे कंपनीवर व्यापारी निर्बंध घातले. अँड्रॉइडची उघडी संहिता हुआवेपासून कोणीं हिरावून घेऊं शकलें नाहीं. तिच्या नव्या फोनांतून गेल्या त्या केवळ गूगलच्या सेवा. पण तेवढ्यानें चीनबाहेर त्या फोनांचा व्यापार बसला. भिंती खुल्या होत्या. किल्ली दुसरीकडेच होती.

सरकारांचें लक्ष या गोष्टीकडे गेलें नाहीं असें नाहीं. युरोपीय आयोगानें जुलै २०१८ मध्यें अँड्रॉइडसंबंधीं गूगलला ४.३४ अब्ज युरो दंड केला. २०२२ त तेथील न्यायालयानें तो कांहींसा कमी करून बहुतांशीं कायम ठेविला. भारताच्या स्पर्धा आयोगानें २० ऑक्टोबर २०२२ रोजीं १३३७.७६ कोटि रुपये दंड ठोठावला. फोन बनविणाऱ्यांवर गूगलचीं सर्व ॲपें एकगठ्ठा घेण्याची सक्ति होते, हा त्यांतील एक मुख्य आक्षेप होता. जानेवारी २०२३ त गूगलनें भारतापुरते कांहीं नियम सैल केले. मार्चमध्यें अपील न्यायाधिकरणानें दंड कायम करून आयोगाच्या कांहीं आज्ञा मात्र रद्द केल्या. दुसऱ्या कसोटींत अँड्रॉइड आयफोनपेक्षां उजवी ठरत आलेली आहे, कारण तीवर दुकानाबाहेरचें ॲप बसवितां येतें. परंतु तीहि सैल दोरी आवळण्याकडे कल दिसतो. ज्या ॲपाच्या कर्त्यानें गूगलकडे आपली ओळख पटविली नसेल तें ॲप प्रमाणित फोनांवर साध्या रीतीनें बसूं नये, असा नियम २०२६ पासून कांहीं देशांत आरंभून लावण्याचा मनोदय गूगलनें ऑगस्ट २०२५ मध्यें जाहीर केला. फसवणूक टाळणें हें त्याचें कारण देण्यांत आलें. त्यावर टीका झाल्यानंतर जाणत्या लोकांसाठीं वेगळी वाट ठेवण्याचेंहि सांगण्यांत आलें. फसवणूक खरी आहे, हें कोणीहि नाकारणार नाहीं. तथापि चोरांच्या भयानें घराची किल्ली पहारेकऱ्यासच देऊन टाकावी काय, हा प्रश्न उरतोच.

एवंच, बंद संहितेचा विंडोज संगणक आपल्या धन्यास जेवढी मोकळीक देतो, तेवढी उघड्या संहितेचा पण कुलूपबंद फोन देत नाहीं. खुलेपणा ही स्वातंत्र्याची आवश्यक अट आहे, पण ती पुरेशी नव्हे.

मग खुलेपणाचा सामान्य मनुष्यास उपयोग काय? तो कांहीं संहिता वाचावयास बसत नाहीं. या शंकेचें समाधान सोपें आहे. गृहनिर्माण संस्थेचे जमाखर्च प्रत्येक सभासद तपासत नाहीं. परंतु कोणाहि सभासदास ते मागतां येतात, एवढ्यानेंच चिटणिसाची लेखणी सरळ चालते. मार्च २०२४ मध्यें याचा चांगला प्रत्यय आला. एक्सझेड नांवाच्या एका लहानशा मुक्त प्रोग्रॅममध्यें कोणा कपटी मनुष्यानें दीर्घ काळ विश्वास संपादन करून एक चोरदार घातलें होतें. दुसऱ्या यंत्रावर प्रवेश करण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक कां लागतो, या बारीक कुतूहलापोटीं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें संहिता धुंडाळली आणि तें चोरदार उघडकीस आणलें. मौज ही कीं, हे गृहस्थ मायक्रोसॉफ्टच्या नोकरींत होते. संहिता बंद असती तर त्यांचें कुतूहल वेशीवरच थांबलें असतें. पण याच गोष्टीची दुसरी बाजूहि प्रांजळपणें सांगितली पाहिजे. चोरदार घातलें गेलें तेंहि खुल्या व्यवहारांतच. आणि २०१४ त हार्टब्लीड नांवाचा जो मोठा दोष एका मुक्त प्रोग्रॅममध्यें सांपडला, तो त्यापूर्वीं दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांसमोर पडून होता. दार उघडें आहे म्हणून कोणी आंत डोकावतोच असें नाहीं.

खुलेपणाचा दुसरा लाभ म्हणजे वैद्य गेला तरी पाठ मागें राहतो. मोझिला संस्थेनें २०१३ सालीं फायरफॉक्स नांवाची मोबाईलची मुक्त कार्यप्रणाली बाजारांत आणली. ती चालली नाहीं, आणि दोन-तीन वर्षांत संस्थेनें ती सोडून दिली. बंद संहिता असती तर ती तेथेंच संपती. परंतु तिची संहिता घेऊन दुसऱ्यांनीं काय-ओएस ही कार्यप्रणाली केली, आणि २०१७ त भारतांत निघालेल्या स्वस्त जिओफोनमध्यें तीच घातली गेली. टाकून दिलेल्या पाठावर असंख्य घरांतील पहिला इंटरनेटचा फोन चालला.

मराठी वाचकांस तर बंदिस्तपणाचा जाच निराळ्या रूपानें परिचित आहे. संगणकावर देवनागरी लिहिण्यासाठीं निरनिराळ्या कंपन्यांनीं आपापले टंक व आपापल्या सांकेतिक लिप्या काढल्या. एका टंकांत जुळविलेला मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडला कीं अक्षरांऐवजीं चिन्हांचा बुजबुजाट दिसे. छापखान्यांतून, कचेऱ्यांतून कित्येक वर्षांचें लेखन अशा रीतीनें एकेका प्रोग्रॅमच्या कोंडवाड्यांत पडलें. मजकूर मराठी, लिहिणारा मराठी, आणि वाचण्याची किल्ली मात्र विक्रेत्यापाशीं! ही कोंडी फोडली ती खुल्या संकेतानें. भारताच्या इस्की या प्रमाणावर आधारलेली देवनागरीची योजना १९९१ सालीं युनिकोडमध्यें आली, आणि ती सार्वत्रिक झाल्यावर कोणत्याहि यंत्रावर लिहिलेलें मराठी कोणत्याहि यंत्रावर वाचतां येऊं लागलें. मुक्त प्रोग्रॅमचा पडदा मराठींत आणण्यास कोणा कंपनीच्या नफ्यातोट्याचा हिशोब आड आला नाहीं. गनोम, लिबर ऑफिस यांसारख्यांचीं मराठी भाषांतरें झालीं, कारण तीं करण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती.

असें असूनहि लिनक्स घरोघर कां नाहीं, या प्रश्नाचें उत्तर जर्मनींतील म्युनिक शहरानें दिलें आहे. तेथील नगरपालिकेनें २००३ सालीं विंडोज सोडण्याचा निर्णय केला, आणि २०१३ पर्यंत सुमारें १५,००० संगणक लिनक्सवर नेले. परंतु बाहेरून येणारीं कागदपत्रें नीट उघडत नाहींत, अमुक प्रोग्रॅम चालत नाहीं, अशा कुरबुरी होत राहिल्या, आणि २०१७ त परत विंडोजकडे जाण्याचें ठरलें. पुढें २०२० त सत्ताबदल होतांच धोरण पुनः मुक्त प्रोग्रॅमकडे झुकलें. स्वातंत्र्यास देखभालीचा खर्च असतो. सर्व जग ज्या भाषेंत बोलतें तीहून निराळी भाषा बोलणाऱ्यास पदोपदीं दुभाष्या लागतो. घरांतील छापयंत्र, हिशोबाचा नेहमींचा प्रोग्रॅम, मुलांचे खेळ यांपैकीं कांहीं लिनक्सवर अडण्याचा संभव आहे, आणि कुलूप उघडलेल्या फोनवर कित्येक बँकांचीं ॲपें चालण्यास नकार देतात. हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

म्हणून सुज्ञ गृहस्थानें एका बाजूची शपथ घेण्याऐवजीं व्यवहार पाहून पावलें टाकावीं. ज्याचा संगणक विंडोज १० मुळें म्हातारा ठरला असेल त्यानें तो भंगारांत देण्यापूर्वीं आपले सर्व दस्तऐवज, छायाचित्रें दुसरीकडे नकलून ठेवावींत, आणि लिनक्स मिंट अथवा उबुंटू पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकांतील कांहींहि न पुसतां, ती प्रथम चालवून पाहावी. पडदा, आवाज, इंटरनेट, छापयंत्र हीं ठीक चाललीं तर मगच बसवावी. नवा फोन घेतांना छायाचित्रांच्या गुणाबरोबर दुकानदारास आणखी एक प्रश्न विचारावा: डागडुजी किती वर्षें मिळेल? २०२३ सालीं गूगलनें आणि २०२४ सालीं सॅमसंगनें आपल्या कांहीं भारी फोनांस सात वर्षांचें वचन दिलें; गिऱ्हाइकें विचारूं लागलीं म्हणजे तेंच वचन स्वस्त फोनांपर्यंत उतरेल. लेखन युनिकोडमध्यें करावें, आणि जें जपून ठेवावयाचें तें दुसऱ्या प्रोग्रॅममध्यें उघडतां येईल अशाच स्वरूपांत ठेवावें. बँकेचे व्यवहार ज्या फोनवर होतात त्याच्या कुलपाशीं मात्र हौसेखातर खेळूं नये. तो प्रयोग बाजूला पडलेल्या जुन्या फोनवर करावा.

सारांश, कारभारी ठेवणें यांत कमीपणा नाहीं; एवढ्या मोठ्या वाड्याचा कारभार कोणा एकट्यास झेपत नाहीं. कोणी पगारी कारभारी ठेवील, कोणी विश्वासू शेजाऱ्यांची मदत घेईल. परंतु कारभाऱ्यास हिशोब विचारण्याचा, त्यानें आणलेला पाहुणा नाकारण्याचा, आणि वेळ आलीच तर त्याच्याकडून किल्ल्यांचा जुडगा परत मागून घेण्याचा अधिकार धन्यानें राखून ठेविला पाहिजे. रोज हा अधिकार बजावण्याची गरज पडत नाहीं. ज्या दिवशीं पडेल त्या दिवशीं तो आपणांपाशीं आहे कीं नाहीं, हें मात्र यंत्र विकत घेण्याच्या वेळींच ठरून गेलेलें असतें.